नको म्हणायचं मशीन

अमेरिकेच्या उत्तरेकडं, आमच्या हेग्रा गावात माणूस गेलं की पहिला फोन चर्चला, दुसरा मयताच्या जेवणाचा हॅम कापायला कोण बसणार ते ठरवायला, आणि तिसरा आर्लिस ट्वेटला. "आर्लिस, फोटो घेऊन येतो गं," एवढंच. कोण गेलं, कसं गेलं, हे विचारायचं कारण नसायचं. गाव मुठीएवढं. सकाळी कुणाच्या खिडकीचा पडदा उघडला नाही हे दुपारपर्यंत चार घरं ओलांडून आलेलं असायचं.

मग कुणाचा तरी पोरगा नाहीतर सून पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आर्लिसच्या मागच्या दारात उभी. खोक्यात आयुष्य. बाप्तिस्म्याचा लांब झगा, गोठ्यापुढं उभं केलेलं कोकरू, फौजेतली टोपी, लग्न, ट्रॅक्टर, दुसरा ट्रॅक्टर, नातवंडं. आर्लिस ते खोकं घेऊन तळघरात उतरायची आणि वर यायची ती फिल्म घेऊनच. एका गाण्याएवढी लांब. चर्चमध्ये पडद्यावर ती लावायची, मंडळींनी नाकं पुसायची, आणि मग खाली जाऊन कॉफी नि लिंबाच्या वड्या.

हे झालं मेलेल्यांचं. जितीजागती माणसं मे महिन्यात यायची. बारावी सुटलेल्या प्रत्येक पोराच्या घरी मोटारीची शेड धुऊन काढायची, टेबलं मांडायची, हॅमचे पाव ठेवायचे आणि कोपऱ्यात टीव्हीवर त्या पोराची फिल्म फिरत ठेवायची, ही आमच्याकडची रीत. पोरगं कितीका ढ असेना, फिल्म पाहिजेच. आणि फिल्म म्हणजे आर्लिस.

तिनं हे कधी मागून घेतलेलं नव्हतं. ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. तिची लेक काया बारावी झाली तेव्हा घरात नवा कॉम्प्युटर घेतला होता, आणि लेकीच्या मदतीनं तिनं एक फिल्म केली. ती लव्हॉन स्कोग्स्टाडनं बघितली. लव्हॉन म्हणजे चर्चच्या बायकांची पुढारीण. गावात कढई कुणाची आणि झाकण कुणाचं हे तिला ठाऊक. ती म्हणाली, "आमच्या पोराची बी करशील का गं?"

आर्लिस म्हणाली, "करीन की."

त्या दोन शब्दांनी तिची पुढची सगळी वर्षं खाल्ली.

शाळेतल्या सिमेंटच्या जमिनीवर उभं राहून गुडघे गेले तशी तिनं नोकरी सोडली. लोकांना वाटलं, बाई आता मोकळीच हाय. खोकी वाढली. पैशाचं म्हणाल तर ते कुणी दिले नाहीत आणि तिनं मागितले नाहीत. वड्यांची ताटं यायची. आर्लिसच्या फ्रीजरमध्ये वड्या इतक्या साचल्या होत्या की ऑर्विन म्हणायचा, गाव संपलं तरी आपण उपाशी मरत नाही.

आता त्या कॉम्प्युटरविषयी. तळघरात मांसाचा फ्रीजर आणि लेफ्साच्या पोळ्यांचा तवा यांच्या मधोमध एक टेबल, आणि टेबलाखाली ती काळी पेटी. घेतली तेव्हा तिच्यासारखी पेटी तालुक्यात नव्हती. पण तेव्हा फोटो लहान होते, आणि व्हिडिओ एखादा, तोही मिणमिणता. आता पोरं फोनवर जे काढून आणतात त्यातला एक तुकडा त्या काळच्या सगळ्या लग्नाएवढा जड. कुणी तर शेतावर उडतं यंत्र सोडून वरून काढलेलं बीटाचं रान आणायचं. ते पेटीत घातलं की पंखा असा घुमायचा, जणू मका वाळवायचं यंत्र लागलंय. पडद्यावर चित्र लंगडी घालत चालायचं. तोंड हलायचं आधी, आवाज यायचा मागनं. कुठं कापायचं ते दिसायचंच नाही. आर्लिस अंदाजानं कापायची, जशी आंधळी म्हातारी भाजी चिरते.

आणि फिल्म तयार झाली की ती बाहेर काढायची, ते वेगळंच बाळंतपण. एक आडवी पट्टी हळूहळू भरत जायची. ती भरेस्तोवर दुसरं काही करायचं नाही, माउसलासुद्धा हात लावायचा नाही, नाहीतर पेटी रुसायची. आर्लिस वर यायची, कपड्यांच्या घड्या घालायची, खुर्चीत बसायची. कुणी फोन केला तर म्हणायची, "मशीन चाललंय अजून, काय करू?" आणि बसून राहायची.

त्या बसण्याची तिला सवय लागली. खरं सांगायचं तर उभ्या आयुष्यात तिला बसायला कारण मिळालं ते त्या मशीननं दिलं.

काया मिनियापोलिसला असते, जाहिरातीचं काम करते, फोटो-व्हिडिओ हाच तिचा धंदा. ती दर रविवारी फोनवर आईच्या मागं लागायची.

"आई, त्या खटाऱ्यावर किती दिवस काढणार तू?"

"चालतंय की."

"चालतंय काय! मी मेमरी वाढवून दिली, डिस्क बदलून दिली, त्यालाही आता वर्षं झाली. आता त्या पेटीत नवं काही बसतच न्हाई. त्यात आणखी काही घालायचं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला नवी झूल. आणि हे बघ, मशीन हळू झालं म्हणून बदलायचं नसतं, तू त्याच्या हिशेबानं वागायला लागलीस की बदलायचं. तू वागायला लागलीयस का न्हाई, खरं सांग?"

"बघू," आर्लिस म्हणाली.

आमच्याकडं "बघू" म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही कळतं. पण काया शहरात जाऊन विसरली होती. तिला वाटलं, आई विचार करतीय.

तसा आर्लिस विचार करतच होती. लेकीचं म्हणणं खोटं नव्हतं. पण नवं मशीन आलं म्हणजे काय होणार, हे तिला लेकीपेक्षा जास्त दिसत होतं. नवं मशीन घेतलं की पुढची दहा वर्षं लिहून दिल्यासारखं. आज दातही न आलेली बाळं बारावी होईस्तोवर तिनं तळघरात बसायचं. आणि म्हातारी तर काय, गावात रोज नवी होतात. तिला हे थांबवायचं होतं. पण "मी आता करत नाही" हे वाक्य आमच्याकडं कुणी बोलत नाही. बोललं तर ऐकणाऱ्यालाच लाज वाटते.

एका संध्याकाळी जेवताना तिनं ऑर्विनला विचारलं. पुढ्यात भट्टीत भाजलेला बटाट्याचा हॉटडिश होता, वरचा थर करपलेला, कारण ती तळघरात पट्टीकडं बघत बसली होती.

"काया म्हणतीय मशीन बदल."

"हं."

"तू ट्रॅक्टर कवा बदलायचास?"

ऑर्विननं करपलेलं बाजूला सारलं. "हिवाळ्यात."

"तसं न्हाई रे. बदलायचा हे कशावरनं ठरवायचास? बिघडला म्हणून?"

"बिघडला तर दुरुस्त करायचा. बदलायचा तो पुढं किती वर्सं नांगरायचंय ते बघून." तो पाणी प्याला. "तुला किती नांगरायचंय?"

आर्लिसनं चमचा खाली ठेवला. "मला न्हाई नांगरायचं आता."

"मग नको बदलूस."

एवढंच बोलणं झालं. आमच्याकडं नवरा-बायको याहून लांब बोलली की शेजारी म्हणतात, भांडण झालं.

ऑर्विनला ही गोष्ट कळली, कारण त्यानं स्वतः तेच केलं होतं. आमच्याकडं हिवाळ्यात जो-तो आपला ट्रॅक्टर नाहीतर कापणी-मळणीचं कंबाईन घेऊन दुकानदाराकडं जातो, जुना देतो, नवा आणतो. ऑर्विन एका हिवाळ्यात गेला नाही. दुकानदाराचा फोन आला, "ऑर्विन, बघायला तरी ये." "हाय तो चालतोय," ऑर्विन म्हणाला. पुढच्या हिवाळ्यात फोनच आला नाही. आणि त्या वसंतात शेजारच्या स्कोग्स्टाडनं, लव्हॉनच्या नवऱ्यानं, धान्याच्या कोठाराशी उभं राहून, दुसरीकडंच बघत विचारलं, "उत्तरेकडच्या तुकड्याचं काय करायचं म्हणतोस?" ऑर्विननं शेती सोडली हे सगळ्या गावाला कळलं होतं, आणि तो तोंडानं एक अक्षर बोलला नव्हता. माणसानं यंत्र म्हातारं होऊ दिलं की समजायचं.

आर्लिसला वाटलं, आपलंही असंच समजतील.

म्हणून ती सांगत सुटली. म्हणजे तिच्या मानानं सुटली. खोकं घेऊन कुणी आलं की म्हणायची, "मशीन फार म्हातारं झालंय बरं का. किती दिवस टिकतंय कुणास ठाऊक." आणि थांबायची. समोरच्यानं समजावं म्हणून जागा ठेवायची.

समोरच्यानं समजलं. पण काय समजलं, तर बिचाऱ्या आर्लिसला मशीन पाहिजे, आणि बाई भिडस्त, मागंना झालीय. ट्रॅक्टरची भाषा गावाला येत होती. तळघरातल्या पेटीची कुणाला येत नव्हती.

बीट काढणी उरकल्यावर चर्चमध्ये जेवण असतं. तिथं लव्हॉन ताटं पुसता पुसता म्हणाली, "आर्लिस, आम्ही बायकांनी ठरवलंय. तुला नवा कॉम्प्युटर घिऊन द्यायचा."

"छे गं, नको. हे चालतंय की."

"बरं," लव्हॉन म्हणाली आणि पुढची ताटली घेतली. पहिलं नको झालं.

आता हे सांगायला पाहिजे. आमच्याकडं कॉफी घालू का विचारलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं. थोडी घालू का, तर अगं नको खरंच. उकळलेलीच हाय, अर्धा कप? मग म्हणायचं, बरं, केलेलीच असली तर. पहिल्या खेपेला हो म्हणतो त्याला हावरट म्हणतात, आणि तिसऱ्या खेपेलाही नको म्हणतो त्याला डॉक्टरकडं नेतात. पोरं बोलायला शिकायच्या आधी हे शिकतात.

दुसरं नको झालं ते लेफ्साच्या दिवशी. नाताळाच्या आधी चर्चच्या स्वयंपाकघरात बायका बटाट्याच्या पातळ पोळ्या लाटायला बसतात, पिठानं कोपरापर्यंत पांढऱ्या. लव्हॉन तव्यावर, आर्लिस लाटण्यावर.

"ते कॉम्प्युटरचं मी इसरले न्हाई बरं का," लव्हॉन काठीनं पोळी उलटत म्हणाली.

आर्लिसचं लाटणं थांबलं. "लव्हॉन, खरंच नको. अगदी मनापासनं नको. माझं वय झालं आता."

"वय समद्यांचंच झालंय. म्हणून तर."

"म्हणून तर काय?"

"म्हणून तर तुला त्या खटाऱ्याचा तरास नको." आणि लव्हॉननं शेजारच्या बाईकडं बघून हळूच मान हलवली. दुसरं नको. हिशेब बरोबर चालला होता.

घरी येताना आर्लिस ऑर्विनला म्हणाली, "तिसऱ्यांदा इचारतील तवा मी चांगलं ठासून नको म्हणणार."

"कुणी म्हणालंय कवा?"

"मी म्हणीन."

ऑर्विननं गाडीचे दिवे लावले.

तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही. जानेवारीत एका रविवारी, प्रार्थना झाल्यावर, खाली कॉफीला सगळे जमले होते. बाहेर थुंकी जमिनीवर पडायच्या आधी गोठेल अशी थंडी. लव्हॉननं चमचा कपावर वाजवला. दोघांनी मिळून एक खोकं आत आणलं, एवढं मोठं, त्याला लाल रिबीन. लव्हॉन म्हणाली, "आर्लिसनं आपल्या समद्यांची मरणं आणि बारावी सांभाळली. आता आपुन तिला सांभाळू."

टाळ्या झाल्या. आर्लिस खुर्ची धरून उभी राहिली. तिनं खोक्याकडं बघितलं, लोकांकडं बघितलं आणि म्हणाली, "अगं, कशाला केलंत हे?"

तिनं ते विचारलं होतं. तिला उत्तर पाहिजे होतं. पण आमच्याकडं आभार मानायचे तर हेच वाक्य म्हणतात. सगळे हसले, आणखी जोरात टाळ्या झाल्या, दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले.

खोकं ऑर्विननं गाडीत ठेवलं. गाडी रस्त्याला लागली.

"म्हणाली न्हाईस," ऑर्विन म्हणाला.

"दोनदा म्हणाले."

"तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा खोकंच बोललं. मी काय बोलू!"

खोकं तळघरात गेलं ते फ्रीजरच्या झाकणावर बसलं, दुसरी जागाच नव्हती. तिनं ते उघडलं नाही. टेपसुद्धा फोडली नाही. उघडलं की झालं, तिला वाटायचं. उघडलं की पुढची दहा वर्षं आत गेलीच. म्हणून फ्रीजरमधनं मांसाचा तुकडा काढायचा तर आधी खोकं उचलून खाली ठेवायचं, तुकडा काढायचा, खोकं परत वर. गुडघ्यांनी तर दावाच मांडला. ऑर्विन म्हणाला, तिथंच खाली राहू दे. पण तळघराच्या जमिनीला ओल, आणि गावानं दिलेली वस्तू ओलीत कशी ठेवायची?

"नवं मशीन कसं हाय?" लोक विचारायचे.

"छान हाय," ती म्हणायची. खोटं नव्हतं. खोकं खरंच छान होतं.

आणि काम वाढलं. पूर्वी लोकांना ठाऊक होतं की आर्लिसचं मशीन हळू, लवकर द्यायला पाहिजे. आता मशीन नवं, म्हणजे झटक्यात होणार. मयताच्या आदल्या दिवशी दुपारी खोकी यायला लागली. हिवाळ्यात आमच्याकडं माणसं जातातच. जमीन दगडासारखी, पुरायचं एप्रिलवर जातं, पण फिल्म काही थांबत नाही. आर्लिस जुन्याच पेटीवर राबत राहिली. बसायचं कारणही गेलं, कारण "मशीन चाललंय" म्हटलं तर लोक म्हणायचे, "नवं असून?"

फेब्रुवारीत एल्व्हेरा मो गेली. नव्वदीची, चांगली कणखर बाई. तिच्या पोरांनी बुटांची खोकी भरून फोटो आणले, वर नातवानं फोनवर काढलेले व्हिडिओ, म्हातारी केक कापतीय, म्हातारी कुत्र्याला रागावतीय. आर्लिसनं सगळं ओळीनं लावलं. पट्टी भरायला सोडली. निम्म्यावर अडकली. पुन्हा सोडली, पुन्हा तिथंच. नातवाच्या व्हिडिओंच्या ओझ्यानं, लग्नाचा फोटो झाला की पेटी जी मान टाकायची ती टाकायची. मरायला टेकलेल्या बैलाला चाबूक मारून काय उपयोग? आणि फ्रीजरवर, हाताच्या अंतरावर, ते खोकं.

तिनं खोक्याकडं बघितलंही. कात्री टेबलावरच होती. मग तिनं पुढचं सगळं बाजूला सारलं आणि जिथपर्यंत मशीन जात होतं तिथपर्यंतचंच ठेवलं. म्हणजे लग्नापर्यंत. आता बोंब होईल, लोकांना कळेल हिचं हिला झेपत नाही, आणि सुटेन एकदाची, असं तिच्या मनात होतं.

चर्चमध्ये फिल्म लागली. एल्व्हेरा बाळ, एल्व्हेरा शाळेत, एल्व्हेरा डेअरीच्या जत्रेत गाईबरोबर, आणि एल्व्हेरा पांढऱ्या झग्यात चर्चच्या पायरीवर, नवऱ्याचा हात धरून हसतीय. तिथं चित्र थांबलं आणि पडदा काळा. पुढची सगळी वर्षं, पोरं, नातवंडं, गायब.

मग मोठ्या पोराचा हुंदका ऐकू आला.

खाली कॉफीला तो आर्लिसकडं आला, फावड्याएवढ्या पंजात तिचा हात धरला. "आईचा शेवट तुम्ही असा केलात... म्हातारपण, आजार, काय दाखवलं न्हाई. लग्नाच्या पायरीवर सोडलंत तिला. असं कुणाला सुचलं नसतं."

"अरे, ते मशीन—"

"व्हय, ठाऊक हाय, नवं मशीन. कमाल हाय!"

मागनं लव्हॉन म्हणाली, "बघ, म्या म्हणत नव्हते?"

आर्लिसनं वडी तोंडात घातली आणि चावत राहिली.

त्यानंतर ती गप्प झाली. आधीही फार बोलत नव्हती, पण आता ऑर्विनलाही जाणवलं. खोकी येत होती, फिल्मा होत होत्या, पण तळघराच्या पायऱ्या चढताना ती मधल्या पायरीवर थांबायची आणि तिथंच उभी राहायची. वर जायचं का खाली, हे विसरल्यासारखी.

ऑर्विनचा लिलाव एप्रिलात ठरला होता. शेती सोडलेला माणूस शेवटी हेच करतो: ट्रॅक्टर, कंबाईन, नांगर, सगळं धुऊनपुसून अंगणात ओळीनं लावायचं, गाव बोलवायचं, आणि एकेक पुकारून विकायचं. बारकंसारकं सामान — पाने, साखळ्या, डब्यात भरलेले बोल्ट — गवताच्या गाडीवर मांडायचं. त्या दिवशी अंगणात माणूस रडत नाही; चिखलात उभा राहून हॅट मागं सारतो आणि म्हणतो, हवा बरी हाय.

लिलावाच्या सकाळी ऑर्विन गाडीवर सामान मांडत होता. आर्लिस खालनं ओरडली, "ऑर्विन, स्क्रू काढायचा पाना आण."

तो खाली गेला तर तिनं काळ्या पेटीच्या सगळ्या तारा काढून ठेवल्या होत्या. पेटीचं झाकण काढायला सांगितलं. आत धुळीचं घोंगडं. त्यातनं तिनं डिस्क काढून घेतली, ताटं पुसायच्या फडक्यात गुंडाळली आणि बटणांच्या डब्यात ठेवली. सगळं गाव, मेलेलं आणि पास झालेलं, बटणांत जाऊन बसलं.

"आता हे वर घे," ती म्हणाली.

ऑर्विननं पेटीकडं बघितलं, मग तिच्याकडं. "गाडीवर?"

"गाडीवर."

त्यानं ती उचलली, वर नेली, आणि कुंपणाच्या तारा ताणायचं यंत्र आणि बोल्टचे डबे यांच्या मधोमध ठेवली. फडक्यानं वरची धूळही पुसली. ट्रॅक्टर पुसला होता तशीच.

गाव जमलं. गाड्या रस्त्याच्या दोन्ही कडांना पार वळणापर्यंत. चर्चच्या बायकांनी शेडमध्ये खिम्याचे पाव आणि कॉफी लावली होती, म्हणजे लव्हॉन आलीच. लिलाव पुकारणारा यायच्या आधी लोक गाड्यांवरचं सामान चाचपत फिरतात. लव्हॉनही एप्रनला हात पुसत फिरत होती. पेटीपाशी आली आणि थांबली.

आर्लिस गाडीच्या पलीकडं उभी होती.

"हे तुझं?" लव्हॉननं विचारलं.

"व्हय."

"तळघरातलं?"

"व्हय."

"म्हंजे आता नव्यावर करतीस ना, म्हणून काढलंस."

"नवं खोक्यात हाय. टेप बी फोडली न्हाई."

लव्हॉननं पेटीकडं बघितलं. मग मान वळवून अंगणातल्या ओळीकडं बघितलं — धुतलेला ट्रॅक्टर, कंबाईन, नांगर, आणि त्यांच्याशेजारी हॅट मागं सारून उभा ऑर्विन. मग परत पेटीकडं. बाई शेतकऱ्याच्या घरात जन्मली आणि शेतकऱ्याच्याच घरात म्हातारी झाली होती. तिला वाचता येत होतं, आतापर्यंत फक्त पान उलटं धरलं होतं.

"आसं व्हय," ती म्हणाली.

"व्हय."

"एल्व्हेराची फिल्म...?"

"तिथंच अडकलं होतं मशीन."

लव्हॉननं एप्रनला परत हात पुसले. मग म्हणाली, "हवा बरी हाय आज," आणि शेडकडं निघून गेली.

डेनी लिलाव पुकारायचा, त्याची जीभ शिलाई मशीनसारखी. त्यानं पेटी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली. "बघा मंडळी, कॉम्प्युटर! तुमच्यातल्या निम्म्यांचे बाळपणापासनचे फोटो ह्यातनं गेलेत! कोण बोलतंय? कुणीतरी बोला!" कुणी बोललं नाही. लोक बुटांकडं बघत होते. डेनीनं त्यात बोल्टचा एक डबा टाकला. तरी नाही. मग ग्रीसची पिचकारी टाकली. तेव्हा मागनं एका म्हाताऱ्यानं बोट वर केलं. त्याला पिचकारी पाहिजे होती. जाताना त्यानं पेटी आपल्या गाडीच्या मागच्या भागात पालथी टाकली.

दिवस मावळायच्या आत गावभर झालं. आर्लिसनं मशीन लिलावात काढलं. आणि लिलावात गेलेल्या गोष्टीविषयी आमच्याकडं कुणी परत विचारत नाही. ऑर्विनला कुणी म्हणत नाही की एवढं रान तेवढं पेरून दे.

कायाचा मात्र फोन आला. "आई, लिलावात? आणि आतलं समदं? कुठाय?"

"बटणांच्या डब्यात."

"कसल्या?"

"बटणांच्या."

लव्हॉन त्यानंतर काही दिवसांनी आली, हातात वड्यांचं ताट. बसली, हवेचं बोलली, चिखलाचं बोलली. कप फिरवत राहिली. मग म्हणाली, "ते खोकं चर्चच्या ऑफिसात ठेवलं असतं, तर रविवारची पत्रकं काढायला बरं पडलं असतं. पण तुला दिलंय ते. तू म्हणशील तर राहू दे हितंच."

आता रीतीनं आर्लिसनं म्हणायचं होतं, अगं राहू दे, तुला कशाला तरास. मग लव्हॉननं पुन्हा विचारायचं. मग आर्लिसनं, बरं, तुमच्या उपयोगाचं असलं तर. लव्हॉन त्या तयारीनंच आली होती. कॉफीचा कप भरलेला होता, वेळ होता. आर्लिसनं तोंडही उघडलं. पण तीनदा बोलायचं म्हणजे तीनदा श्वास घ्यायचा, आणि तिच्यात तेवढा उरला नव्हता.

"घेऊन जा," ती म्हणाली.

लव्हॉनचा कप ओठांपाशी थांबला. "आत्ता?"

"आत्ता. ऑर्विन, ते खोकं वर आण रे."

मे महिन्यात बारावीची जेवणं झाली. काही शेडमध्ये पोरांनी फोनवरच काहीतरी जोडून लावलं होतं, काही ठिकाणी टीव्ही नव्हताच, नुसता हॅम. जूनमध्ये एक मयत झालं, तिथं पूर्वीसारखे फळ्यावर टाचण्यांनी फोटो लावले होते. लोक फळ्यापुढं उभे राहिले, हा कोण, ती कोण, यावर जरा वाद झाला. एकजण आर्लिसला म्हणाला, "तुझी फिल्म असती तर—"

"व्हय, असती तर," आर्लिस म्हणाली आणि पाव घेतला.

फ्रीजरचं झाकण आता एका हातानं उघडतं. तळघरातल्या टेबलावर ती लेफ्साचा तवा ठेवते. संध्याकाळी खुर्चीत बसते, काही कारण नसताना.

चर्चमध्ये कॉफीची किटली घेऊन कुणी आलं आणि "घालू का?" म्हणालं, की ती कप पुढं करते, पहिल्याच खेपेला. घालणारीचा हात जरा अडखळतो. आर्लिस जरा हावरट झालीय, असं गावात बोलतात. तिचं त्यावर काही म्हणणं नाही.